रॅपरमधून इंटरॅक्टिव्ह प्रोग्राम चालवताना टर्मिनल कोणाच्या ताब्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पायथनमध्ये लिहिलेला एक रॅपर, म्हणजे दुसरा प्रोग्राम आपल्या आत चालवणारा प्रोग्राम, डेटाबेसचा कमांड-लाइन क्लायंट चाइल्ड प्रोसेस म्हणून सुरू करतो. सेशनची नोंद लॉगमध्ये हवी म्हणून त्याचं इनपुट-आउटपुट पाइपमधून (दोन प्रोग्रामांमधली बाइटांची नळी) घेतलं आहे. पण प्रॉम्प्ट दिसतच नाही. उत्तरं अडकून राहतात आणि नंतर एकगठ्ठा येतात. पासवर्डचा प्रश्न मात्र पाइप सोडून थेट स्क्रीनवर उमटतो. कंट्रोल-सी दाबलं तर नुसती क्वेरी रद्द होण्याऐवजी सगळंच बंद पडतं, आणि त्यानंतर कधीकधी शेलमध्ये टाइप केलेलं दिसत नाही. अशा वेळी पीटीवाय, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेलं आभासी टर्मिनल, वापरावं का?

तुमच्या कामासाठी, हो. पण ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीतून येतात: टर्मिनल नक्की कोणाचं, हे ठरलेलं नाही. ते न ठरवता पीटीवाय लावलंत तर जुन्या तक्रारी जाऊन नव्या येतील.

टर्मिनल चाइल्डच्या हाती सोपवता येतं, म्हणजे रॅपर बाजूला होऊन थांबतो. रॅपर मध्ये बसू शकतो: बाहेर खरं टर्मिनल, आत पीटीवाय, आणि दोन्हीकडचे बाइट इकडून तिकडे. किंवा माणूसच नसतो आणि रॅपर माणसाच्या जागी बसून प्रॉम्प्ट वाचतो, उत्तरं देतो. पाइप यांपैकी कशातच बसत नाही, कारण पाइप म्हणजे टर्मिनल नव्हे आणि चाइल्डला ते लगेच कळतं.

कसं कळतं? 'इझ-ए-टीटीवाय' हा कॉल. सी लायब्ररी स्टँडर्ड आउटपुटवर पहिल्यांदा लिहिताना पलीकडे टर्मिनल आहे का ते पाहते. असेल तर ओळ संपली की बफर (लिहिलेलं तात्पुरतं साठवायची जागा) रिकामा होतो. नसेल तर बफर भरेपर्यंत काहीच बाहेर पडत नाही; जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत पाइपसाठी हा बफर साधारण ४०९६ बाइटांचा असतो. तुमची उत्तरं तिथेच अडकतात, रॅपरमध्ये नाही. म्हणून रॅपरच्या बाजूने कितीही फ्लश करा, फरक पडणार नाही. प्रॉम्प्ट, रंग, बाणाच्या कळीने मागची कमांड आणणं हेही बरेच क्लायंट टर्मिनल नसेल तर मुद्दाम बंद ठेवतात.

'एसटीडीबफ' ही कमांड यावर नेहमी सुचवली जाते. ती एलडी-प्रीलोडच्या (प्रोग्राम सुरू होताना आपली लायब्ररी आधी घुसवण्याच्या) मार्गाने सी लायब्ररीचं बफरिंग बदलते. त्यामुळे स्टॅटिक लिंक केलेल्या, गो किंवा जावामध्ये लिहिलेल्या, किंवा स्वतःचं बफरिंग स्वतः ठरवणाऱ्या प्रोग्रामवर तिचा काही परिणाम होत नाही. फिल्टर प्रकारच्या छोट्या कमांडसाठी ठीक आहे, इंटरॅक्टिव्ह क्लायंटसाठी नाही.

पासवर्डचं कारण वेगळं आहे. एसएसएच, सुडो आणि बरेच डेटाबेस क्लायंट पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून मागतच नाहीत. ते 'डेव्ह-टीटीवाय' ही फाइल उघडतात, म्हणजे प्रोसेसचं कंट्रोलिंग टर्मिनल (ती ज्या टर्मिनलवरून चालते ते), आणि तिथेच लिहितात-वाचतात. तुम्ही ०, १, २ हे तिन्ही डिस्क्रिप्टर (इनपुट, आउटपुट आणि एरर यांचे क्रमांक) कुठेही वळवा, ही वाट मोकळीच राहते. यावर कोणी 'सेटसिड' करून चाइल्डला नव्या सेशनमध्ये, म्हणजे टर्मिनल वाटून घेणाऱ्या प्रोसेसच्या वेगळ्या गटात, टाकतात. मग कंट्रोलिंग टर्मिनलच उरत नाही, ती फाइल उघडत नाही, आणि बरेच क्लायंट पासवर्ड न विचारताच बाहेर पडतात.

आता कंट्रोल-सी. कीबोर्डवरची ही कळ म्हणजे ३ या किमतीचा एक बाइट. कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) लाइन डिसिप्लिन, म्हणजे टर्मिनलवरचे बाइट हाताळणारा भाग, तो पाहतो आणि टर्मिनलच्या फोरग्राउंड प्रोसेस ग्रुपमधल्या सगळ्यांना सिगिंट हा थांबवण्याचा सिग्नल पाठवतो. रॅपर आणि चाइल्ड एकाच ग्रुपमध्ये असतात, त्यामुळे सिग्नल दोघांनाही मिळतो. चाइल्ड शहाणं असतं, ते क्वेरी रद्द करून पुढच्या प्रॉम्प्टवर जातं. पायथनमध्ये मात्र कीबोर्ड-इंटरप्ट उठतो, आणि 'सबप्रोसेस'चं 'रन' फंक्शन अशा वेळी चाइल्डला पाव सेकंदाची मुदत देऊन सरळ सिगकिल (अडवता न येणारा मारक सिग्नल) मारतं. चाइल्ड त्या क्षणी पासवर्ड मागत असेल तर त्याने टर्मिनलचा एको (टाइप केलेलं स्क्रीनवर दाखवणं) बंद करून ठेवलेला असतो, आणि सिगकिलनंतर तो परत चालू करायला कोणी उरत नाही. शेलमध्ये टाइप केलेलं दिसत नाही ते यामुळे. तेवढ्यापुरतं 'एसटीटीवाय सेन' न दिसता टाइप करून एंटर दाबलं की टर्मिनल ताळ्यावर येतं.

लॉग नको असता तर मी पहिलाच मार्ग घ्यायला सांगितलं असतं: काहीच वळवू नका, चाइल्डला तुमचंच टर्मिनल वारशाने मिळू द्या, आणि तुम्ही थांबा. चाइल्ड सुरू केल्यावर रॅपरला काहीच काम नसेल तर तेही नको. थेट 'एक्झेक' करा, म्हणजे रॅपरच्या जागी तोच प्रोग्राम येतो आणि मध्ये कोणी राहतच नाही. नंतर काही आवराआवर असेल तर थांबण्याच्या काळात रॅपरने सिगिंट आणि सिगक्विट (कंट्रोल-बॅकस्लॅशचा सिग्नल) मनावर घ्यायचे नाहीत. सी लायब्ररीचं 'सिस्टिम' फंक्शन पूर्वापार हेच करतं. इथे एक बारीक खोच आहे. 'दुर्लक्ष करा' ही सिग्नलची स्थिती एक्झेकनंतरही टिकते, पण स्वतःचा हँडलर लावला असेल तर तो एक्झेकला पुसला जाऊन मूळ वर्तन परत येतं. म्हणजे पायथनमध्ये तुम्ही सिगिंट 'इग्नोर'वर ठेवून चाइल्ड सुरू केलं, तर चाइल्डही जन्मतःच कंट्रोल-सीला बहिरं होतं. त्याऐवजी काहीच न करणारं एक रिकामं फंक्शन हँडलर म्हणून लावा. रॅपर वाचतो आणि चाइल्डला सिग्नल नेहमीसारखा मिळतो.

रॅपर आधी मेला आणि चाइल्ड जिवंत राहिलं तर शेल टर्मिनल परत घेतं, चाइल्डचा ग्रुप अनाथ होतो, आणि त्याने पुढे टर्मिनलमधून वाचायचा प्रयत्न केला की ईआयओ ही इनपुट-आउटपुट एरर मिळते. 'क्लायंट मध्येच इनपुट एरर देऊन बंद पडतो' अशा तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं.

तुम्हाला लॉग हवा आहे, म्हणून मध्ये बसणं आलं. पीटीवाय ही कर्नलने दिलेली जोडी असते: स्लेव्ह बाजू चाइल्डला हुबेहूब टर्मिनलसारखी दिसते, मास्टर बाजू तुमच्याकडे राहते. 'फोर्कपीटीवाय' हे फंक्शन, किंवा पायथनमधलं 'पीटीवाय' मॉड्यूलचं 'फोर्क', पुढची सगळी कामं एका दमात करतं: जोडी उघडणं, फोर्क (प्रोसेसची प्रत काढून चाइल्ड बनवणं), चाइल्डमध्ये नवं सेशन, स्लेव्हला कंट्रोलिंग टर्मिनल बनवणं, आणि ०, १, २ त्यावर जोडणं. आता 'डेव्ह-टीटीवाय' उघडलं तरी ते तुमच्याच पीटीवायवर उघडतं, त्यामुळे पासवर्डचा प्रश्नही तुमच्यामार्फतच येतो.

यानंतर बाहेरचं खरं टर्मिनल रॉ मोडमध्ये टाका, म्हणजे ते बाइट जसेच्या तसे पुढे देईल. हे विसरलं की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, कारण बाहेरचा आणि आतला असे दोन्ही लाइन डिसिप्लिन एको करतात. शिवाय एंटर दाबेपर्यंत आत काही पोहोचत नाही, म्हणजे टॅब आणि बाण निकामी. रॉ मोडचा खरा फायदा सिग्नलमध्ये दिसतो. कंट्रोल-सी आता बाहेर सिग्नल बनत नाही, नुसता बाइट म्हणून तुमच्याकडे येतो. तुम्ही तो मास्टरमध्ये लिहिता, आतला लाइन डिसिप्लिन त्याचा सिगिंट करतो आणि आतल्या फोरग्राउंड ग्रुपला देतो. रॅपरला सिगिंट मिळतच नाही. बरेच जण इथेही सिगिंटचा हँडलर लावून तो 'किल'ने चाइल्डला पाठवत बसतात. ते नुसतं अनावश्यक नाही, चूकही आहे: चाइल्ड स्वतः एखादा एडिटर किंवा शेल चालवत असेल तर सिग्नल कोणत्या ग्रुपला जायला हवा हे कर्नलला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

खिडकीचा आकार मात्र तुम्हालाच पोहोचवावा लागतो. नवं पीटीवाय शून्य ओळी, शून्य स्तंभ घेऊन जन्माला येतं. चाइल्ड सुरू होण्याआधी बाहेरचा आकार वाचून आत लावा, आणि पुढे सिगविंच (आकार बदलल्याचा सिग्नल) आला की पुन्हा तेच करा. आकार लावला की आतल्या प्रोग्रामला सिगविंच कर्नल स्वतः पाठवतो. पायथनचं तयार 'पीटीवाय-स्पॉन' रॉ मोड आणि बाइटांची ने-आण करतं, मास्टरमधून वाचलेलं तुमच्या फंक्शनमधूनही नेतं, म्हणजे लॉगची सोय तयार मिळते. पण आकाराचं काही पाहत नाही. म्हणून प्रयोगापुरतं ते वापरा आणि खऱ्या कामासाठी 'फोर्क'वर स्वतःचा लूप लिहा. तो फार मोठा होत नाही.

लूपमध्ये खरं काम एवढंच: 'पोल' किंवा 'सिलेक्ट'ने दोन्ही बाजू एकाच वेळी पाहायच्या. आधी सगळं लिहायचं आणि मग वाचायचं, असं केलंत तर मोठा मजकूर पेस्ट झाला की गाडं अडतं. चाइल्ड तुमच्या वाचनाची वाट पाहत थांबतं, तुम्ही त्याच्या. लिनक्सवर पाइपची क्षमता ६४ केबी असल्याने हा दोष तिथे बरेच दिवस लपून राहतो. पीटीवायचा इनपुट बफर बराच लहान, त्यामुळे लवकर उघडा पडतो. मास्टर नॉन-ब्लॉकिंग (वाट पाहत न अडकणारा) ठेवा आणि 'राइट'ने सांगितल्यापेक्षा कमी बाइट लिहिले तर उरलेले सांभाळून ठेवा.

शेवट ओळखणं हे या लूपचं सगळ्यात चिवट दुखणं. स्लेव्ह बाजूची शेवटची प्रत बंद झाली की लिनक्सवर मास्टरचं वाचन ईआयओ एरर देतं, तर मॅकवर शून्य बाइट येतात. दोन्ही 'संपलं' असंच धरायचं. पण चाइल्डने मागे एखादी बॅकग्राउंड प्रोसेस सोडली आणि तिच्याकडे स्लेव्ह उघडा राहिला, तर हा शेवट येतच नाही. म्हणून चाइल्ड संपलं का ते सांगणाऱ्या 'वेटपिड'कडेही लक्ष हवं. उलट, चाइल्ड संपल्याची खबर आली की लगेच मास्टर बंद करायचा नाही, कारण शेवटचा मजकूर अजून बफरमध्ये असू शकतो आणि नेमका एररचा संदेशच गायब होतो. चाइल्ड संपलं की जे वाचता येतं ते वाचून संपवा, मग बाहेर पडा. तुमच्या प्रोसेसमध्येही स्लेव्हचा डिस्क्रिप्टर चुकून उघडा राहिलेला नसावा, आणि मास्टरवर क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेक होताच डिस्क्रिप्टर बंद होण्याची खूण) हवंच. नाहीतर दुसरं चाइल्ड तो वारशाने घेऊन बसतं.

इनपुट संपल्याचं सांगणं पीटीवायवर वेगळं आहे. पाइपची लिहिण्याची बाजू बंद केली की चाइल्डला ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण, मिळतो. पीटीवायची अर्धी बाजू बंद करता येत नाही, तिथे कंट्रोल-डी पाठवावं लागतं, म्हणजे ४ हा बाइट. तो ओळीच्या सुरुवातीलाच ईओएफ ठरतो. अर्धवट ओळीनंतर आला तर तेवढा तुकडा फक्त पुढे ढकलला जातो. आणि लिनक्सवर ओळवार मोडमध्ये एका ओळीची मर्यादा ४०९६ अक्षरांची आहे. त्यापुढचं कसलीही तक्रार न करता टाकून दिलं जातं. लांबलचक क्वेरी एका ओळीत पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रीडलाइन (ओळ संपादनाची लायब्ररी) वापरणारे क्लायंट टर्मिनल वेगळ्या मोडमध्ये नेतात, त्यांना ही मर्यादा लागू होत नाही.

कंट्रोल-झेडचं वागणं पाहून अनेकजण गोंधळतात. तो बाइटही आत जातो, आत सिग्टस्टॉप (स्थगित करण्याचा सिग्नल) उठतो, पण चाइल्ड थांबत नाही. चाइल्ड हे नव्या सेशनचं लीडर, त्याचा पालक दुसऱ्या सेशनमध्ये; असा ग्रुप कर्नलच्या लेखी अनाथ असतो आणि अनाथ ग्रुपवर सिग्टस्टॉपचं मूळ वर्तन लागू होत नाही. कारण थांबवलं तर परत चालू कोण करणार? रॅपर सकट सगळं स्थगित करायची सोय हवी असेल तर एसएसएचमधल्या टिल्डसारखी स्वतःची एस्केप कळ ठेवा. तेव्हा आधी बाहेरचं टर्मिनल मूळ स्थितीत आणायचं, मग स्वतःला थांबवायचं, आणि परत आल्यावर पुन्हा रॉ करून आकार नव्याने लावायचा.

मूळ टर्मिनल सेटिंग सुरुवातीलाच जपून ठेवा आणि बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर परत लावा: नेहमीचा शेवट, एक्सेप्शन, सिगटर्म (बंद होण्याची विनंती), सिगहप (टर्मिनल तुटल्याची खबर). सिगकिलवर इलाज नाही. रॅपर असा मेला तर मास्टर बंद होतो आणि आतल्या सेशन लीडरला सिगहप जातो, म्हणजे चाइल्ड सहसा मागे रेंगाळत नाही. बाहेरचं टर्मिनल मात्र रॉ राहतं.

लॉगबद्दल माझं मत ठाम आहे: फक्त मास्टरमधून वाचलेलं नोंदवा, वापरकर्त्याने टाइप केलेलं नोंदवू नका. टाइप केलेल्या कमांड एको होऊन आउटपुटमध्ये येतातच. पासवर्ड एको होत नाहीत, म्हणून लॉगमध्येही येत नाहीत. इनपुटची बाजू नोंदवलीत की पासवर्ड उघड्या अक्षरांत फाइलमध्ये जातात. लॉगमध्ये एस्केप सीक्वेन्स (रंग, कर्सर वगैरेंचे संकेत) दिसतील. कच्चे बाइट जसेच्या तसे ठेवा आणि वाचताना साफ करा. मजकूर डीकोड करणार असाल तर तुकड्यातुकड्याने चालणारा डीकोडर घ्या, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं आणि वाचनाची सीमा त्याच्या मधोमध पडू शकते.

तिसरा मार्ग, माणसाच्या जागी रॅपर, हा तुमचा प्रश्न नाही, पण पुढची पायरी बहुधा तीच असते म्हणून थोडं लिहितो. या कामाचं जुनं हत्यार म्हणजे 'एक्स्पेक्ट', डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये टीसीएल या भाषेवर उभं केलेलं. पायथनमध्ये 'पीएक्स्पेक्ट' त्याच वळणाचं. माझा पहिला सल्ला मात्र ते टाळण्याचा. आधी त्या प्रोग्रामला यंत्रासाठीचा दरवाजा आहे का ते पाहा. जीडीबी या डीबगरला एमआय इंटरफेस आहे, एसएसएच आणि गिट पासवर्डसाठी वेगळा 'आस्कपास' प्रोग्राम चालवू शकतात, डेटाबेसना तर थेट लायब्ररीच असतात. माणसासाठी लिहिलेला मजकूर पुढच्या आवृत्तीत बदलतो आणि रेजेक्स (मजकुराशी जुळवायचा पॅटर्न) निमूटपणे लटकतो.

दुसरा इलाज नसेलच तर: तुम्ही पाठवलेली कमांड एको होऊन परत येते आणि तुमचाच पॅटर्न तिच्यावर जुळतो, म्हणून एको बंद करा. ओळी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड या जोडीने संपतात, कारण आउटपुटवर टर्मिनल तसा बदल करतं. त्यामुळे फक्त लाइन फीड शोधणारे पॅटर्न फसतात. प्रॉम्प्टचा अंदाज बांधत बसू नका, पहिल्याच कमांडने तो स्वतःच्या खास मजकुरावर बदला. पेजर (लांब आउटपुट पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) बंद करा. 'टर्म' व्हेरिएबल 'डंब' ठेवा, नाहीतर रीडलाइन ८.१ पासून प्रत्येक प्रॉम्प्टआधी ब्रॅकेटेड पेस्टचा (पेस्ट केलेलं ओळखण्याच्या सोयीचा) एस्केप येतो, आणि काही प्रोग्राम कर्सर कुठे आहे असं टर्मिनलला विचारून उत्तराची वाट पाहत बसतात. खरं टर्मिनल नसल्यावर ते उत्तर कोण देणार?

पासवर्ड पाठवताना होणारी एक शर्यतही आहे. प्रोग्राम प्रश्न छापतो आणि मग एको बंद करताना आधी आलेलं इनपुट टाकून देतो. माणूस इतका चपळ नसतो, रॅपर असतो, आणि त्याने पाठवलेला पासवर्ड हवेत विरतो. पीएक्स्पेक्ट प्रत्येक पाठवणीआधी ५० मिलिसेकंद थांबतो तो यासाठी. त्यापेक्षा मास्टरवरून टर्मिनलची सेटिंग वाचून एको खरंच बंद झाला का ते पाहणं भरवशाचं. पीएक्स्पेक्टचं 'वेटनोएको' हेच करतं.

विंडोजवर हे चित्र बदलतं. तिथे फोर्क नाही, सिग्नल नाहीत. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'कॉनपीटीवाय' हा तिथला पर्याय आहे. दोन्हीकडे चालवायचं असेल तर नोडमधलं 'नोड-पीटीवाय' किंवा रस्टमधलं 'पोर्टेबल-पीटीवाय' घ्या, स्वतः लिहू नका. आणि तुमचा रॅपर अनेक थ्रेडचा असेल तर फोर्क थ्रेड सुरू होण्याआधीच करा, पायथन ३.१२ पासून उलट केल्यास इशाराही देतो.

एक्झिट कोड शेवटी जसाच्या तसा द्या. चाइल्ड सिग्नलने मेलं असेल तर १२८ अधिक सिग्नलचा आकडा परत करणं चालतं, पण त्याहून नेमकं म्हणजे हँडलर काढून रॅपरने तोच सिग्नल स्वतःवर घेणं. बॅश हा शेल लूपमधली कमांड सिगिंटने मेली की नाही हे पाहून लूप थांबवायचा का ते ठरवतो. तुम्ही नुसता १३० (१२८ अधिक सिगिंटचा २) परत केलात तर लूप पुढे चालत राहतो.

झाल्यावर तपासायला क्लायंट नको, आत विम हा पूर्ण स्क्रीन वापरणारा एडिटर उघडा आणि खिडकी ओढून मोठी-लहान करा. मग आत शेल चालवून त्यात कंट्रोल-सी आणि कंट्रोल-झेड दाबून पाहा, एक मोठी फाइल पेस्ट करा, आणि बॅकग्राउंडमध्ये 'स्लीप' सोडून शेलमधून बाहेर पडा. रॅपर तिथे लटकला तर 'वेटपिड'चा भाग अजून नीट झालेला नाही.